उतरतानाचा फोटो

१

सकाळचे सव्वादहा. अभयारण्याच्या चौकीची मागची खोली. संगणकासमोर तिघंजण: मी, माझा धाकटा भाऊ आणि जीपचा ड्रायव्हर. बाहेर स्वच्छ ऊन. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून लोक म्हणतात, अंधार असेल, डुलकी लागली असेल. अंधार नव्हता. डुलकी तर मुळीच नव्हती. मी त्या क्षणी खुर्चीवरून जवळजवळ उडाले होते.

पडद्यावर अस्वल होतं.

"आलं! आलं की नाही, ताई? सांगत होतो ना!" भाऊ ओरडला.

"कसलं अस्वल," ड्रायव्हर चष्मा वर सरकवत म्हणाला, "मला तर आमचे जुने हेडक्लार्क वाटतायत, पाठमोरे."

आम्ही तिघंही हसत सुटलो. हसायला कारण होतं. या डोंगरावर एकही मोठा प्राणी उरलेला नाही, असा अहवाल खात्यानं दिला होता. ज्यांनी तो लिहिला त्यांनी जीपमधून पाय खाली ठेवला नव्हता. हे मी छापलं होतं आणि त्याबद्दल नोटीसही खाल्ली होती. आता समिती बसणार होती. एवढंसं जंगल, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतकंच, ते संरक्षित यादीतून काढलं की पायथ्याशी उभ्या असलेल्या खाणीच्या यंत्रांना वर चढायला मोकळं रान. माझ्या भावानं अख्खी नोकरी त्या जंगलात काढली होती. त्याला कुठल्याशा गोदामात टेबल मिळणार होतं.

आणि आता हे अस्वल! चांगलं धष्टपुष्ट, उजवीकडे तोंड, खिंडीच्या खडकाला घासून वर निघालेलं.

"अजून मोठं करून दाखव, खारू," मी म्हणाले. त्याला घरी खारू म्हणतात. लहानपणी खारीसारखा झाडावर चढायचा. नवव्या वर्षी शेजाऱ्यांच्या झाडावरून पडला, तेव्हापासून उजवा गुडघा पुरता वाकत नाही. जिना एकेक पायरीनं चढतो, खाली बसायचं झालं तर पाय काठीसारखा समोर पसरून बसतो.

वायर सैल झाली म्हणून तो टेबलाखाली वाकला. उकिडवा बसला. वायर लावली आणि बोलत तसाच बसून राहिला, दोन्ही गुडघे हनुवटीशी घेऊन.

"खारू, गुडघा?"

"बरा झाला."

"बरा झाला म्हणजे?"

"म्हणजे बरा झाला, ताई. त्याचीही बातमी करतेस का?"

पुन्हा हशा. ड्रायव्हर मात्र या वेळी हसला नाही, हे मला नंतर आठवलं.

२

जंगलात कॅमेरा लावला की तो चालतो का, हे तपासायची एक पद्धत आहे. ज्यानं लावला त्यानं गळ्यात पाटी अडकवायची, पाटीवर खडूनं कॅमेऱ्याचा क्रमांक लिहायचा आणि हातापायांवर येऊन, जनावराच्या उंचीनं, त्याच्यासमोरून जायचं. उभ्यानं गेलं तर माणूस टिपला जातो आणि कोल्हा सुटतो. चौकीत याला रांगणी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याचा पहिला फोटो कुठल्या तरी सरकारी कर्मचाऱ्याचा असतो: चार पायांवर, गळ्यात पाटी, चेहऱ्यावर लाज. माझ्या भावजयीनं खारूचा असा एक फोटो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला आहे. खाली लिहिलंय, 'आमचे हे, कामावर'.

हा नवा कॅमेरा सगळ्यात वर, खिंडीत होता. दोन कातळांच्या मधली एक फट, एका वेळी एक गाय जेमतेम जाईल एवढी. पलीकडे अंगणाएवढी सपाटी, थोडी झुडपं, आणि तिन्ही बाजूंनी सरळ कडा. बस. पुढं वाट नाही. वर मोबाईलला रेंज मिळते म्हणून हा कॅमेरा फोटो थेट चौकीच्या संगणकावर पाठवतो. मी हट्टानं माझाही नंबर त्यात टाकून घेतला होता. बातमीदाराला बातमी दुसऱ्याच्या हातून घ्यायची सवय लागली की संपलंच.

अस्वल छापायचं ठरलं. संध्याकाळी पान लावणाऱ्याचा फोन.

"मॅडम, तुमची सगळी जनावरं पानाच्या बाहेर बघतायत."

"म्हणजे?"

"अहो, उजव्या कडेला फोटो बसवलाय, अस्वलाचं तोंडही उजवीकडं. वाचकाची नजर पानाबाहेर जाते. डावीकडं बघणारं एखादं द्या की. नसेल तर उलटा करून टाकतो, कुणाला कळतंय?"

"कळत नाही म्हणून करायचं होय? अस्वल जिकडं निघालंय तिकडंच निघेल. हात लावायचा नाही," मी झापलं. मग डावीकडं बघणारं जनावर शोधायला बसले.

अस्वल. बिबट्या, शेपटीचं टोक तुटलेला. साळिंदर. रानडुकरांची जोडी. एक शिंग मोडलेला हरणाचा नर. आणि पहिल्या फोटोत माझा भाऊ, गळ्यात पाटी, ताठ उजवा पाय मागं ओढत. सगळे उजवीकडे. उजवीकडे म्हणजे वर. खिंडीतून आत.

एकही उतरताना नाही.

मी पुन्हा बघितलं. तुटक्या शेपटीचा बिबट्या वर गेलेला होता. मग परत वर गेलेला होता. मग आणखी एकदा. मधे न उतरता.

३

"उतरताना टिपत नसेल तो," खारू दुसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाला. "नवा आहे. कोन चुकला असेल."

पटण्यासारखं होतं. मला पटवूनच घ्यायचं होतं. समिती तोंडावर आली होती आणि माझ्या हातात आयुष्यातला सगळ्यात खणखणीत पुरावा होता. अशा वेळी जनावराचं तोंड कुठल्या दिशेला, याचा कीस कोण काढत बसणार?

"तूही उतरलेला नाहीस, माहितीये ना?" मी चेष्टेत म्हणाले. "तुझाही वर जातानाचाच फोटो आहे."

"मग मी कोण, भूत?" तो म्हणाला आणि चहा ओतायला उठला. झटकन उठला, कशालाही न धरता.

ड्रायव्हर खिडकीशी उभा होता. हे गृहस्थ माझ्याहून वयानं मोठे. सगळे त्यांना मामा म्हणतात. खारूनं तो कॅमेरा लावला तेव्हा मामा खालच्या वळणावर जीप घेऊन थांबले होते.

"बाई, इकडं या जरा," ते हळूच म्हणाले.

बाहेर गळक्या नळाखाली हरणाचा नर पाणी पीत होता. इतका जवळ, की खिडकीतून हात बाहेर काढला तर पाठीला लागेल. त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पळाला नाही. डोक्यावर दोन्ही शिंगं, सुबक, जोडीची.

"हा मोडक्या," मामा म्हणाले.

"मोडक्याचं एक शिंग मोडकंय. कालच वर जातानाचा फोटो आलाय त्याचा."

"कानाची खाच बघा. गोळीची आहे. मी स्वतः त्याला लहान असताना उचलून आणलंय."

"शिंगं गळतात, मामा, नवी येतात," खारू मागून म्हणाला. आम्ही दोघंही दचकलो. त्याच्या पावलांचा आवाज आला नव्हता. खारूच्या पावलांचा आवाज नेहमी आधी यायचा: एक टाच, एक फरफट.

"हो, पण एका रात्रीत?" मामा म्हणाले.

"दोन हरणं असतील," मी म्हणाले. शहाणा माणूस दुसरं काय म्हणेल?

जाताना मामांनी जीपपाशी मला गाठलं. "एक सांगू का? त्या दिवशी साहेब खाली आले ना, तेव्हा गळ्यात पाटी नव्हती. म्हटलं, पाटी कुठाय? म्हणाले, कुठली पाटी?"

"विसरला असेल वर."

"विसरले असतील," मामा म्हणाले. "पण मग 'वर राहिली' म्हणायचं. 'कुठली' कसं म्हणतील?"

४

समितीची बैठक मी विसरणार नाही. अध्यक्ष फोटो चिमटीत धरून म्हणाले, "हे इथलेच कशावरून? आजकाल काय, कुणीही काहीही करतं."

मी उठले. पत्रकारांनी बोलायचं नाही असा नियम होता. असले नियम मोडण्यातच माझे केस पांढरे झाले आहेत.

"कॅमेरा आत्ता वर चालू आहे. पडदा लावा. बसा. तुम्हाला कुठं घाई आहे? जंगलात जायची तर तुम्हाला कधीच घाई नव्हती."

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला, पण पडदा लागला. आम्ही वाट पाहत बसलो. पंखे फिरत होते, कुणी घसा खाकरत होतं, खाणीचे वकील घड्याळ बघत होते.

टिंग!

बिबट्या. भर दुपारी, उन्हात, तुटक्या शेपटीसकट. अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या! समितीतल्या एक बाई तर रडल्या. भावानं मला मिठी मारली आणि मीही त्याला घट्ट धरलं, आणि त्या गडबडीत माझ्या मनात एक क्षुल्लक गोष्ट येऊन गेली, की बिबट्या आधीच्या फोटोंपेक्षा वाळलेला दिसतोय. बरगड्या मोजता येतील इतका.

अभयारण्य राहिलं. त्याच दिवशी निर्णय झाला. खारूच्या घरी जेवायला बसलो तेव्हा मी हवेत होते. भावजय गरम गरम वाढत होती.

"वन्सं, तुम्ही नसतात तर आमची रवानगी गोदामात होती."

"अगं, मी काय केलं? अस्वलानं केलं."

"यांचा गुडघा बघितलात? घोरणंही थांबलंय. पहाटे उठून अंगण झाडतात. मी चार वर्षं सांगत होते, नळाची चावी बदला, ती बदलली." ती हसली. मग वाढताना हात थांबला. "सगळं चांगलंच आहे. मी कुठं काय म्हणतेय?"

"कुणी काय म्हटलं?" मी विचारलं.

"कुणी नाही." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, पाठ ताठ. माझ्या भावाला मी नवव्या वर्षानंतर मांडी घातलेलं पाहिलेलं नव्हतं. "वन्सं, लहानपणी यांना तुम्ही खारू सोडून आणखी काय म्हणून चिडवायचात हो? परवा विचारलं तर म्हणाले, तूच सांग."

माझा फोन थरथरला. मांडीवरच ठेवला होता. खिंडीतून नवा फोटो.

चार पायांवर एक माणूस. तोंड उजवीकडे. गळ्यात पाटी. उजवा पाय ताठ, मागं ओढलेला.

"कोण आहे, ताई?" खारूनं विचारलं आणि वाटी माझ्यापुढं सरकवली. "बिबट्या का?"

"हो," मी म्हणाले. "बिबट्याच."

५

रात्री झोपले नाही, तर्क केले. तोच माझा धंदा.

पहिला तर्क: रांगणीचा जुना फोटो पुन्हा आला. यंत्रं करतात असं. मी दोन्ही फोटो शेजारी लावले. शर्ट तोच, पाटी तीच, क्रमांक त्याच्याच वळणाचा, पण खडू अर्धवट पुसलेला. जुन्या फोटोत गालफडं तुळतुळीत होती. नव्यात दाढी वाढली होती. चांगली वाढली होती.

दुसरा तर्क: कुणीतरी थट्टा करतंय. खाणवाले. फोटो खोटे ठरावेत म्हणून खात्याचा शर्ट घालून माणूस पाठवलाय. हा मला आवडला. यात राग यायला जागा होती आणि राग आला की मला भीती वाटत नाही. पण चेहरा? त्याच्या भुवईवरची, झाडावरून पडतानाची खूण?

तिसरा तर्क मी केला नाही. मोडक्या हरणाचा फोटो काढून बघितला आणि पुन्हा बंद केला.

सकाळी मामांना दाखवले. त्यांनी फोन हातात घेतला नाही. लांबूनच वाचल्यासारखं बघितलं.

"ही पाटी मी आणलेली," ते म्हणाले. "कोपऱ्याला टवका उडालाय, दिसतोय?"

"दिसतोय."

"तोंड उघडं आहे हो बाई त्यांचं."

मी ते पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं. धाप लागली असेल असं धरून चालले होते. आता नीट पाहिलं. धाप लागलेला माणूस तोंड उघडतो, पण मान वळवून कॅमेऱ्याच्या भिंगात बघत नाही. ओरडणारा माणूस बघतो.

"चला वर," मी म्हणाले.

"साहेबांना सांगायचं?"

"कुठल्या?" मी विचारलं आणि माझ्याच जिभेचा मला धक्का बसला.

६

दुपारी ऐन उन्हात आम्ही वर पोचलो. आयुष्यात दंगली पाहिल्या, गोळीबारात पालथी पडले. पण छाती अशी कधी धडधडली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, त्यात भीतीइतकाच आनंदही होता. काहीतरी होतं तिथं! मी जन्मभर ज्याच्या मागं धावले ते: कुणीही न लिहिलेलं.

खिंड रिकामी. कातळ ऊन पिऊन तापलेला. कॅमेरा उजव्या भिंतीला पट्ट्यानं बांधलेला, साबणाच्या डबीएवढा. त्याच्यामागं अखंड दगड, कोंबडी जाईल एवढीही जागा नाही. कोनही चुकलेला नव्हता. मी मुद्दाम खालून वर गेले, फोन थरथरला. वरून खाली आले, पुन्हा थरथरला. दोन्हींत मी. चढताना, उतरताना. म्हणजे तो उतरतानाही टिपत होता.

मामा म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्यानं आत गेलात."

"मग?"

"ते रांगत गेले होते. जनावरंही काय, तशीच जातात."

खिंडीपलीकडची सपाटी मी पाहिली होती. झुडपं, दगड, आकाश. विष्ठा नाही, हाडं नाहीत, पाऊलखुणा नाहीत. इतकी जनावरं वर गेली आणि गवताचं एक पातंही दबलेलं नव्हतं. पक्षी खाली ओरडत होते, इथं नाही.

मी खिंडीच्या तोंडाशी, कॅमेऱ्यासमोरच टेकून उभी राहिले. घाम पुसत होते. समोर काही नव्हतं. वारासुद्धा नव्हता.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

मी हलले नव्हते. मामा एव्हाना खाली वळणावर गेले होते. दिवा लागला आणि विझला, आणि फोन थरथरला.

फोटोत माझे बूट होते. धुळीनं माखलेले, एकाची लेस सुटलेली, अगदी आत्ता होते तसे. आणि बुटांपासून वीतभर अंतरावर त्याचा हात. नखं तुटलेली. त्यानं माझ्या सुटलेल्या लेसकडे बोटं लांब केली होती. चेहरा वर, माझ्याकडे. पाटी जमिनीला टेकलेली.

मी खाली बघितलं. दगड. ऊन. माझे बूट.

"खारू," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. "अरे, मी इथंच आहे."

लेस किंचित ताणली गेली. वाऱ्यानं जाते तशी. वारा नव्हता.

मग दिवा पुन्हा लागला. मी तो फोटो तिथं उघडला नाही. मामांनी मला दंडाला धरून खाली आणलं तेव्हा मी हसत होते, असं ते म्हणतात.

७

खात्यात गेले. सगळे फोटो टेबलावर मांडले. बेपत्ता माणसाचा शोध घ्या, पथक पाठवा, मी म्हणाले. तिथले साहेब सभ्य होते. समितीनंतर मला सगळेच घाबरून सभ्य झाले होते.

"बेपत्ता कोण?"

"माझा भाऊ."

त्यांनी फोन फिरवला. "चौकीवर हजर आहेत," ते म्हणाले. "बोलायचंय का? बाई, हजर माणसाचा शोध कसा घ्यायचा, ते तुम्हीच सांगा."

मी टेबलावर हात आपटला. बोंबलले. आजवर या लोकांनी मला शेकडो खोटी उत्तरं दिली आहेत आणि प्रत्येक खोटं मी सोलून काढलं आहे. हे पहिलं उत्तर होतं जे खरं होतं, आणि त्याचं काय करावं ते मला कळेना. साहेबांनी फोटो चाळले. बराच वेळ चाळले. मग म्हणाले, "अभयारण्य वाचलंय. असले फोटो बाहेर गेले तर समिती पुन्हा बसेल. म्हणतील, माणसं कातडी पांघरून रांगवली. कॅमेरा उतरवायला सांगतो."

म्हणजे बघा. माझ्या भावाला बघायची जगात एकच जागा होती, साबणाच्या डबीएवढी. आणि ती काढून टाकण्याचं सगळ्यात सबळ कारण माझीच बातमी होती.

चौकीवर गेले तेव्हा तो पायरीवर बसला होता. नळापाशी मोडक्या, त्याच्या मागं आणखी तीन हरणं, आणि झाडीच्या कडेला, भर दिवसा, काहीतरी ठिपक्यांचं, लांब पूर्ण शेपटीचं, पडून होतं. कुणी कुणाला भीत नव्हतं.

"ताई, उद्या मी जातो वर. कॅमेरा काढून आणतो," तो म्हणाला.

"नको."

"आदेश आलाय."

"खारू कोणत्या झाडावरून पडला होता?" मी विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कपट नव्हतं. परक्या घरी आलेल्या पाहुण्याला असतो तसा संकोच होता.

"मी काही चुकतोय का?" त्यानं विचारलं. "घरी तिला विचार. ती म्हणते, सगळं चांगलं आहे. जंगल राहिलं. हरणं बरी आहेत. कुणाचं काही कमी झालंय का, ताई?"

त्याचा आवाज माझ्या भावाचाच होता.

"ताई म्हणू नकोस," एवढंच म्हणाले.

"मग काय म्हणू?" त्यानं खरंच विचारलं.

८

कॅमेरा निघाला. निघताना त्यानं शेवटचा फोटो पाठवला, तो माझ्याकडे आहे. चौकीच्या संगणकावरचा पुसला गेला. त्यात एक पंजा भिंगावर येतोय, जवळून, धूसर. पंजामागं खात्याचा शर्ट, धुतलेला, इस्त्रीचा. उभे दोन पाय, दोन्ही सरळ. आणि त्या दोन पायांच्या मधून, मागं, जमिनीलगत दिसते एक पाटी, कोपऱ्याचा टवका उडालेली. तिच्या वर एक दाढीचा चेहरा. या वेळी तोंड मिटलेलं आहे.

दोघंही एकाच फोटोत आहेत. मी तो छापायला दिला. संपादकांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, थोडी सुट्टी घ्या.

सुट्टीत मी स्वतःच्या पैशानं तसाच एक कॅमेरा घेतला. मामा म्हणाले, लावायला मी येतो, पण रांगणी करणार नाही. मी म्हणाले, रांगणी मी करेन. त्यांनी जीपची किल्ली खिशात घातली आणि ती अजून मला दिलेली नाही. भावजयीनं बाहेरच्या खोलीतली ती चौकट काढून कपाटात ठेवली आहे, काचेची बाजू मागं करून. परवा फक्त म्हणाली, "वन्सं, यांची जुनी चप्पल मी टाकलेली नाही हं. एकीकडनं झिजलेली."

खात्याशी मी दुसऱ्या बाजूनं भांडायचं ठरवलं. हजर माणूस शोधता येत नाही ना? ठीक. पाटी शोधा. पाटी खात्याची आहे. ती घेऊन कर्मचारी वर गेला, आणि ती न घेता खाली आला. सरकारी वस्तू आहे, शेवटच्या फोटोत स्पष्ट दिसते आहे, खिंडीत आहे. माणूस पाठवा आणि घेऊन या.

उत्तर आलं. या खात्याकडून मला इतक्या तत्परतेनं आलेलं हे पहिलंच उत्तर. जुनी पाटी रद्द केली असून चौकीला नवी पाटी देण्यात आली आहे.

जुनी कुणाच्या गळ्यात आहे, ते त्यांनी लिहिलेलं नाही.